घरास जिना नाही

भाग्यश्रीच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, तीन कागद होते. तिन्हींवर तिची सही होती आणि तिन्हींची सुरुवात सारखीच होती: "मी, सौ. भाग्यश्री महेश, स्वखुशीने लिहून देते की..." तिन्ही लिहिले होते तिच्या थोरल्या दिराने. गावात त्याला सगळे आप्पा म्हणत, कागदावर तो योगेश होता. सोळा वर्षांच्या संसारात तीन कागद झाले. चौथ्यावर ती सही करते की नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

मखमलाबादच्या पुढे, नाशिक शहर जिथे थकून शेतात बसकण मारतं, तिथे त्यांचा दीड एकराचा फुलांचा मळा. गुलाब, शेवंती, बांधाला झेंडू. घर एका मजल्याचं, वर पत्रे. भाग्यश्री आठवी शिकलेली. शेवंतीची वेणी ती न बघता गुंफायची आणि बाजारातले व्यापारी तिची वेणी हातात घेतली की ओळखायचे. एवढीच तिची ख्याती. बाकी मळ्यात तिला लोक 'महेशची बायको' म्हणत.

महेश मारायचा. रोज नाही, आणि न पिताही. आठ-पंधरा दिवस घर शांत असायचं, मग एक दिवस फुटायचं. पहिल्या कागदाच्या वेळी वेदिका अकरा महिन्यांची होती. फुलं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याशी भाग्यश्री हसून बोलली म्हणून महेशने पाणी भरलेला पितळी तांब्या तिच्या कपाळावर घातला. भुवई हाडापर्यंत फाटली, रक्त कडेवरच्या पोरीच्या तोंडात गेलं. सात टाके पडले. दुसऱ्या वेळी त्याने तिला गुलाबाच्या वाफ्यात पाडून लाथा घातल्या. दोन बरगड्या मोडल्या, आणि पाठीतले काटे सासू धोंडाबाई दोन दिवस सुईने काढत होती. काढताना म्हणायची, "उलट बोलू नाय गं. गप ऱ्हायचं." तिसऱ्या वेळी त्याने उकळता चहा पातेल्यासकट तिच्या पाठीवर ओतला. चहात साखर होती. साखरेने तो कातडीला धरून ठेवला.

दर वेळी तिच्या माहेरचे पोलिसांत जाऊ म्हणायचे, आणि दर वेळी त्याआधी आप्पा ओट्यावर बैठक बसवायचा. शेजारचे केरूनाना, आणखी दोन जाणती माणसं, चहा, सुपारी, आणि मधे समजुतीचा कागद. कागद आधीच लिहिलेला असे. भाग्यश्री डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याशी बसे. आप्पा पेन पुढे करी. ती सही करी. एक प्रत आप्पाकडे, एक तिच्याकडे. झालं, मिटलं. तिने एकही कागद कधी वाचला नव्हता. वाचून करायचं काय होतं?

यंदा वेदिका दहावीला होती.

पोरगी हुशार, पण पाठांतराला तिला कुणीतरी समोर लागायचं. जानेवारी लागला तशी ती दुपारी आईसमोर फुलांच्या ढिगाला टेकून बसू लागली. आईने वेण्या करायच्या आणि पोरीने तिला शिकवायचं.

"मम्मी, मी तुला समजावलं की माझंच पक्कं होतं. तू फक्त हं हं नको करू. प्रश्न विचार."

"मला काय कळतंय, प्रश्न विचारायला?"

"तेच विचार."

शाळेत दिशा मॅडम नव्या आल्या होत्या. न वाचलेल्या उताऱ्याचा सराव त्या गाईडातून घेत नसत. ग्रंथालयातली एक कुमार कादंबरी त्यांनी सगळ्या वर्गाला वाचायला लावली आणि सगळी उजळणी तिच्यावरच घेतली. वीटभट्टीवरच्या दोन मैत्रिणींची गोष्ट होती. त्यातली एक 'मी' म्हणून सांगते, की माझी मैत्रीण मातीच्या खड्ड्यात पाय घसरून पडली आणि मेली.

"हिला निवेदक म्हणायचं," वेदिका म्हणाली. "गोष्ट सांगणारी. लेखक वेगळा, निवेदक वेगळा. लिहिणारा कुणी दुसराच असतो, पण मी मी करत ही बोलते."

भाग्यश्रीचा हात वेणीवर थांबला. "लिहिणारा दुसरा?"

"हो. आणि निवेदक खरंच बोलतो असं नाय. ही खोटं बोलतीये. हिनेच ढकललंय तिला."

"तुला काय माहीत? तू होतीस का भट्टीवर?"

"पुरावा उताऱ्यात असतो, मम्मी. हे बघ. ही म्हणते मी लांब होते, झाडाखाली. पण तीन पानांपूर्वी म्हणते, त्या भट्टीवर एकही झाड नव्हतं."

भाग्यश्रीला हसू आलं. "येडीच हाय. खोटं बोलायचं तर झाड तरी लावायचं आधी."

त्या दिवसापासून तिला गोडी लागली. पोरगी शाळेतून यायच्या आत ती ओल्या हातांनी पानं उलटून ठेवायची. संघर्ष म्हणजे काय, प्रतीक कशाला म्हणतात, घटनाक्रम कसा लावायचा, सगळं तिने वेण्यांसोबत गुंफून घेतलं. एक शब्द मात्र तिला फार लवकर कळला. पूर्वसूचना.

"पुढे वाईट होणारंय हे लेखक आधी हळूच सुचवतो," वेदिका म्हणाली. "या गोष्टीत मुकादम मारायच्या आधी तोंडातली तंबाखू थुंकतो. दर वेळी. उदाहरण दे एखादं."

"घड्याळ," भाग्यश्री म्हणाली.

दोघींना माहीत होतं. महेशच्या मनगटावर एक घड्याळ होतं, लग्नात भाग्यश्रीच्या वडिलांनी दिलेलं. मारायच्या आधी तो ते काढायचा आणि टीव्हीवर ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. सावकाश काढायचा, पट्टा सरळ करून ठेवायचा. खाली मनगटावर उन्हाने न रापलेल्या कातडीचा पांढरा पट्टा दिसायचा.

"बरोबर," वेदिका हळूच म्हणाली. "दोन पैकी दोन गुण."

फेब्रुवारीत बोर्डाच्या कामाला जन्माचा दाखला लागला, म्हणून वेदिकाने पेटी उघडली. दाखल्याआधी तिच्या हाताला कागद लागले. भाग्यश्री रानातून आली तेव्हा पोरगी पेटीसमोर मांडी घालून बसली होती, आणि मांडीवर तिन्ही कागद उघडे होते.

"मम्मी," ती म्हणाली, "आपल्या घराला जिना कुठंय?"

"जिना? कसला जिना?"

"हे ऐक. 'मी जिन्यावरून उतरत असताना पाय घसरून पडले व कपाळास खोक पडली.' जिना कुठंय?"

भाग्यश्रीने वर पाहिलं. वर पत्रे होते, पत्र्यांवर आकाश होतं. सोळा वर्षं ती या घरात राहत होती आणि चौदा वर्षांपूर्वी ती इथे जिन्यावरून पडली होती.

"दुसरा ऐक. 'विहिरीच्या पायऱ्यांवर तोल जाऊन...' विहीर बुजवून गोठा बांधला त्याला किती वर्षं झाली?"

"तू बालवाडीत होतीस तवा बुजवली."

"आणि कागद मी तिसरीत असतानाचा हाय. आणि हा, 'गॅसवरचे पातेले उतरवताना चहा अंगावर सांडला.' पाठीवर? पाठीमागे हात करून चहा उतरवत होतीस तू?" पोरीचा आवाज चिरकला. "तू खोटारडी निवेदक हायेस मम्मी. सगळीकडे मी मी करून खोटं बोललीयेस."

भाग्यश्रीने कागद हातात घेतले. पहिल्यांदाच वाचले. सही तिचीच होती, वळणदार, आठवीतल्या पोरीसारखी. आत बोलणारी बाई कोण होती ते तिला कळेना.

"ठेव ते," ती म्हणाली. "पप्पांपुढं काढू नको."

पण पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात असली गोष्ट किती वेळ राहणार? दुसऱ्या दिवशी महेश बाजारातून दुपारीच परतला. भाजीत मीठ कमी आहे म्हणून त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. भाजीचा ओघळ भिंतीवरून खाली येत होता, आणि तो भाग्यश्रीला म्हणाला, "डोळे फुटले का? पडशील एक दिवस कुठंतरी आंधळ्यासारखी."

"जिन्यावरून का?" वेदिका म्हणाली.

महेशने मान वळवली. "काय?"

"जिन्यावरून पडंल का मम्मी? दाखवा ना पप्पा, कुठंय आपला जिना?"

महेश उठला. त्याने घड्याळ काढलं, टीव्हीवर ठेवलं, पट्टा सरळ केला.

भाग्यश्रीने ते पाहिलं आणि पहिल्यांदा ती मार यायच्या आधी हलली. पोरीला मागे ओढून ती मधे उभी राहिली. त्याने तिच्या छातीत लाथ घातली. ती मागे पाण्याच्या पिंपावर आदळली, पिंप उलटलं. महेशने दाराशी टेकवलेल्या फवारणीच्या पंपाची पितळी नळी उपसली. वेदिकाने तोंडासमोर उजवा हात धरला. नळी मनगटावर बसली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढून राहिली. दुसरा फटका खांद्यावर. तिसरा उचलला तेव्हा भाग्यश्री ओल्या जमिनीवरून सरपटत आली आणि तिने त्याचे पाय धरून त्याला खाली खेचलं. मग त्याने तिला मारलं. नळी वाकेपर्यंत मारलं. धोंडाबाई दारात उभी राहून "अरे पोरीला सोड, पोरीला सोड" म्हणत होती. सुनेला सोड असं ती म्हणाली नाही.

गंगापूर रोडवरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे आप्पाच घेऊन गेला. "स्कूटीवरून पडली," त्यानेच सांगितलं. डॉक्टरांनी पोरीकडे पाहिलं. पोरीने आईकडे पाहिलं. भाग्यश्रीचे ओठ सुजले होते. ते हलले नाहीत. मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर सहा आठवडे. मराठीचा पेपर अकरा दिवसांवर होता.

लेखनिकाचा अर्ज घेऊन वेदिका शाळेत गेली. आपण सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या मुलीने लिहायचं, अशी सोय असते. दिशा मॅडमनी प्लास्टर पाहिलं, मग खांद्यावरचा काळानिळा पट्टा पाहिला. "स्कूटी एवढी सरळ रेषेत मारते का गं?" त्या म्हणाल्या, आणि पालकांना भेटायला बोलावलं. नाही आलात तर मी पोलिसांना कळवीन, असा निरोप दिला.

त्याच संध्याकाळी आप्पाने बैठक बसवली.

ओट्यावर सतरंजी, केरूनाना, दोन शेजारी, चहा, सुपारी. महेश खांबाला टेकून मोबाइलवर काहीतरी बघत होता. भाग्यश्री उंबऱ्याशी बसली. तिच्यामागे वेदिका, गळ्यात हात अडकवलेला. आप्पाने कागद पुढे केला, त्यावर पेन ठेवलं.

"कर सही. शाळेत द्यायचाय. त्या मास्तरणीचं तोंड बंद होईल. पोरीची परीक्षा जवळ आलीये, उगा घोळ नको."

भाग्यश्रीने कागद उचलला. पेन घरंगळून खाली पडलं. ते तिने उचललं नाही. ती ओळीखाली बोट धरून वाचू लागली.

"वाचतेस काय? नेहमीचाच हाय."

"नेहमीचा कवा वाचला मी, आप्पा?" ती म्हणाली. मग मोठ्याने वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखी, अडखळत. "'मी, सौ. भाग्यश्री महेश, स्वखुशीने लिहून देते की माझी मुलगी वेदिका ही स्कूटी चालवत असताना पडून तिच्या हातास दुखापत झाली. घरातील कोणीही तिला मारहाण केलेली नाही. तिच्या हट्टी स्वभावामुळे...'" ती थांबली. "नाना, आमची स्कूटी कुठंय?"

केरूनाना चहाच्या बशीतून वर बघेनात. "मला गं काय ठाव?"

"तुमच्याच नातवाच्या गॅरेजात हाय. संक्रांतीपासून. इंजिन खोललंय तिचं. इंजिन नसलेल्या गाडीवरून पोरगी कशी पडली?"

एक शेजारी खोकला. दुसऱ्याला हसू आलं ते त्याने सुपारीत दाबलं.

"महेश, बायकोला आवर," आप्पा म्हणाला. "हिनं आमची परीक्षा मांडलीये."

"आणि हे 'मी' कोण हाय?" भाग्यश्री बोलत राहिली, आता तिला थांबता येत नव्हतं. "लिवलंय तुमी. बोलतीये मी. मी तर असं बोललेच नाय. मी घरात होते. मी बघितलं. पंपाच्या नळीनं मोडला त्यानं हात. ती नळी गोठ्यात पडलीये अजून, वाकडी."

महेश खांबापासून सरळ झाला. मोबाइल खिशात ठेवला. सगळ्यांसमोर त्याचा उजवा अंगठा घड्याळाच्या पट्ट्याकडे गेला.

"बघा," भाग्यश्री म्हणाली. "नाना, बघा. घड्याळ काढतोय. आता मारणार."

सगळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं मार झाल्यावर जमणारी माणसं पहिल्यांदाच मार व्हायच्या आधी हजर होती. घड्याळ ठेवायला इथे टीव्ही नव्हता, म्हणून महेश क्षणभर गोंधळला आणि त्याने ते धोंडाबाईच्या हातात दिलं. म्हातारीने ते घेतलं. मग त्याने भाग्यश्रीचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दोनदा. पहिल्या कागदाची भुवई पुन्हा उकलली. रक्त डोळ्यात उतरलं, कागदावर पडलं.

"महेश, अरे सोड, लोकं हायेत," आप्पा म्हणाला. जागचा हलला नाही.

महेशचा डावा हात तिच्या तोंडापुढे होता. घड्याळाखालचा तो पांढरा पट्टा अगदी जवळ होता. भाग्यश्रीने त्यात दात रोवले. जीव खाऊन रोवले. कातडी फाटल्याचं तिला दातांत कळलं, तोंडात खारट आलं, ते तिचं की त्याचं हे कळायला मार्ग नव्हता. महेश गुरासारखा ओरडला आणि केस सुटले. तो पुन्हा झेपावणार तोच केरूनाना उठले. सत्तरीचा माणूस, कमरेत वाकलेला. त्यांनी आपली काठी महेशच्या छातीवर आडवी धरली.

"बस," ते म्हणाले. "आता माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आता मला न पाहिल्यागत करता येईना."

भाग्यश्रीने रक्ताचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला. आत जाऊन पेटीतले तीन काढून तेही खोचले. पोरीचा चांगला हात धरला आणि पायऱ्या नसलेल्या त्या ओट्यावरून खाली उतरून ती रस्त्याला लागली. कुणीतरी मागून हाक मारत होतं. तिने वळून पाहिलं नाही. रिक्षावाल्याने तिचं तोंड पाहून विचारलं, "ताई, दवाखाना का?"

"आधी पोलीस," ती म्हणाली. "मग दवाखाना."

ठाण्यात चैताली नावाची हवालदार होती, तिशीची, कॉम्प्युटरसमोर. तिने आधी पाणी दिलं, जखमेवर दाबून धरायला रुमाल दिला, मग विचारलं, "सांगा ताई, काय झालं?"

भाग्यश्रीने सांगितलं. ताट, भाजी, जिना, घड्याळ, लाथ, नळी, हात. आधीचं आधी, नंतरचं नंतर. मधे तिला रडू आलं तर ती थांबायची आणि मग जिथे थांबली तिथूनच पुढे जायची. चैताली टाइप करत होती. संपल्यावर तिने कागद छापून पुढे केला. "इथे सही."

"वाचून दाखवा."

"सगळं तुम्ही सांगितलेलंच आहे हो."

"म्हणूनच."

चैतालीने वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं, 'किरकोळ कारणावरून झालेल्या वादातून'.

"ते किरकोळ मी म्हणले नाय," भाग्यश्री म्हणाली.

"तसं लिहायची पद्धत आहे, ताई. सगळ्यांच्याच जबाबात असतं."

"माझ्यात नको. मी म्हणले, पोरीनं जिना कुठंय विचारलं म्हणून मारलं."

चैतालीने तिच्याकडे पाहिलं. मग शब्द खोडला आणि कागद पुन्हा छापला. भाग्यश्रीने तो ओळीखाली बोट धरून वाचला, शेवटापर्यंत. आत बोलणारी बाई तिला ओळखीची वाटली. तिने सही केली. मग ब्लाउजमधून चारी कागद काढून टेबलावर ठेवले.

"हेबी घ्या. तिन्हींवर सही माझी हाय, पण मी खोटं बोललेय त्यात. पुरावा आतच हाय."

"कसला पुरावा?"

"पहिल्यात मी जिन्यावरून पडलेय," भाग्यश्री म्हणाली. "आमच्या घराला जिना नाय."

चैताली नकळत हसली. मग तिला कळलं, आणि ती हसायची थांबली.

महेशला त्या दिवशीच मळ्यातून उचललं. मनगटाला कपडा गुंडाळलेला होता. घड्याळ धोंडाबाईकडेच राहिलं. पोलिसांनी मागितलं तेव्हा तिने ते पदराच्या गाठीतून सोडून दिलं. भाग्यश्री माहेरी गेली, भुवईला नवे टाके घेऊन. वेदिकाने मराठीचा पेपर दिला. ती सांगत होती, नववीतली एक मुलगी लिहीत होती. घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "तू सांगितलं तेच लिवलं ना तिनं?"

"शब्दन् शब्द," वेदिका म्हणाली. "मी दोनदा वाचून घेतलं."

पंचनाम्याला चैताली स्वतः आली होती. केरूनाना पंच होते. वाकडी पितळी नळी गोठ्यात सापडली, चौकटीवरचा डाग सापडला. चैतालीने घराला एक फेरा घातला, मागून पुढून, वर पत्र्यांकडेही पाहिलं. मग दारात उभी राहून ती लिहू लागली, आणि नानांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचत गेली: "घर एकमजली, विटांचे, वर पत्रे. पुढे ओटा. मागे गोठा. घरास जिना नाही."